आंबोलीच्या जंगलात दोघांसाठी दोन रात्री: एकांत मिळवावा कसा

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात आम्ही दोघे आंबोलीला गेलो, तेव्हा राहण्याच्या जागेची निवड केवळ छायाचित्रे पाहून केली होती. छायाचित्रांत धुके होते, लाकडी कठड्याची पडवी होती आणि पडवीपुढे दाट झाडी होती. प्रत्यक्षात त्या आवारात तशाच नऊ खोल्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, दिवस शनिवारचा होता आणि रात्री साडेअकरापर्यंत ध्वनिवर्धक सुरू होता. पुढच्या वर्षी आम्ही आंबोलीजवळच्या चौकुळ गावाच्या बाजूला एका शेतकरी कुटुंबाच्या मांगरात, म्हणजे शेतावरच्या छोट्या घरात, उतरलो. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, आत एकच खोली आणि मालकांचे घर हाकेच्या अंतरावर, एवढेच तिथे होते. त्यानंतर सह्याद्रीच्या या पट्ट्यात आम्ही अनेकदा राहिलो आणि जे समजले ते येथे लिहीत आहे. जंगलातला एकांत जागेइतकाच पूर्वतयारीवर अवलंबून असतो. घाट चढण्यापूर्वी ज्या गोष्टी ठरवायच्या राहून जातात, नेमक्या त्याच वर गेल्यावर दोघांच्या मध्ये येऊन बसतात.

आंबोली सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, कोकण आणि देश यांच्या सीमेवर वसलेली आहे. वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस येथे पडतो आणि महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. राहण्याच्या जागेपासून कपड्यांपर्यंत प्रत्येक निर्णय घेताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

कोणत्या दिवसांत जावे

जुलै आणि ऑगस्टमध्ये येथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. दरीच्या काठावर उभे राहिले तरी पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसत नाही, कपडे वाळत नाहीत आणि घाटात दरड कोसळून वाहतूक अडण्याची शक्यता असते. ज्या जोडप्याला बाहेर फिरण्यापेक्षा खोलीत बसून पाऊस ऐकायचा आहे, त्याने हेच दिवस निवडावेत. मात्र शनिवार-रविवार कटाक्षाने टाळावा, कारण घाटरस्त्यावरच्या मुख्य धबधब्यापाशी त्या दोन दिवशी वाहनांच्या रांगा लागतात आणि त्या गर्दीची झळ आसपासच्या निवासांनाही लागते. मंगळवार ते गुरुवार हे तीन दिवस जमवता आले, तर तीच आंबोली शांत मिळते.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा यांच्या तोडीचा काळ दुसरा नाही. व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, पाणी असते, धुके येते आणि निघूनही जाते, आणि चौकुळच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे फुललेली असतात. गणेशचतुर्थीची तारीख मात्र आधी पाहून घ्यावी. त्या दिवसांत मुंबईतील चाकरमानी गावी परततात, रेल्वेचे आरक्षण मिळणे दुरापास्त होते आणि घरगुती निवास चालवणारी कुटुंबे स्वतःच्या घरच्या गणपतीत गुंतलेली असतात. स्वयंपाकाला माणूस नाही, असे वर पोहोचल्यावर कळण्यापेक्षा विसर्जनानंतरचा आठवडा धरावा.

मे अखेरीपासून मिरगाच्या सरींपर्यंतचा काळ काजव्यांचा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत आकाश स्वच्छ असते आणि रात्री स्वेटर लागतो, तरी वर्षअखेरचा आठवडा सोडूनच द्यावा. उन्हाळ्यात अंजनीची निळीजांभळी फुले पाहायला मिळतात. तथापि जिल्ह्याच्या दोडामार्ग आणि बांदा परिसरात २०१६ नंतर माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. त्यामुळे त्या काळात पाचोळ्यावर चादर पसरून बसण्याचा मोह आवरावा, पायभर कपडे घालावेत, मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता मालकांना सांगावे आणि घरी परतल्यावर ताप आल्यास जंगलात राहून आल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे तिथी. काजवे, तारे किंवा पावसाळ्यात कुजक्या लाकडावर चमकणारी बुरशी पाहायची असेल, तर अमावास्येच्या आगेमागे दोन दिवस जावे. थंडीत पडवीत बसून चांदणे अनुभवायचे असेल, तर पौर्णिमा साधावी. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एकदा पाहिले की काम होते, आणि त्या एका पाहण्याने रात्रीचे स्वरूप पार बदलते.

जागा निवडताना फोनवर काय विचारावे

मालकांशी किंवा व्यवस्थापकांशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय पैसे भरू नयेत. आवारात एकूण किती खोल्या आहेत आणि दोन खोल्यांमध्ये अंतर किती, हा पहिला प्रश्न असावा. दुसरा प्रश्न ध्वनिवर्धकाचा आणि जनित्राचा. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, आणि जनित्र खोलीच्या मागच्या भिंतीलगत असेल तर रातकिडे आणि बेडूक यांच्याऐवजी रात्रभर इंजिनच ऐकावे लागते. ज्या जागी जनित्रच नाही, कंदील आणि बॅटरीचे दिवे दिले जातात, ती जागा मी अधिक पसंत करते.

छप्पर कशाचे आहे, हे अवश्य विचारावे. पत्र्यावर आंबोलीचा पाऊस कोसळू लागला की शेजारी बसलेल्या माणसाशीही ओरडून बोलावे लागते. कौलांवरचा पाऊस मात्र ऐकत बसावा असा असतो. छप्पर पत्र्याचेच असेल, तर खालून लाकडी तक्तपोशी केलेली आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.

स्नानगृह खोलीला जोडून आहे का, वीज नसताना गरम पाणी कसे मिळते, गाद्यांना ओलीचा वास येऊ नये म्हणून काय करतात, शेवटच्या कच्च्या रस्त्यावरून छोटी मोटार जाते का, आणि रात्री काही लागले तर हाक कोणाला मारायची, हे प्रश्नही संकोच न बाळगता विचारावेत. ज्यांना आपल्या जागेची खरी माहिती असते, ते या प्रश्नांना मनापासून उत्तरे देतात, असा अनुभव आहे. खोली उबदार राहावी म्हणून कोणी कोळशाची शेगडी आत ठेवण्याची सोय सांगितली, तर नम्रपणे नकार द्यावा. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो आणि झोपेत तो जीव घेऊ शकतो. जाड गोधडी जास्तीची मागून घ्यावी.

खाजगीपणाच्या बाबतीतही आधीच स्पष्ट बोललेले बरे. खोलीच्या खिडक्या येण्याजाण्याच्या वाटेकडे उघडतात का, पडदे पूर्ण लागतात का, दाराला आतून मजबूत कडी आहे का, हे विचारावे. सकाळचा चहा किती वाजता हवा ते आदल्या रात्री सांगावे आणि त्यापूर्वी कोणी दार वाजवू नये, अशी विनंती करावी. ओळखपत्रे दोघांचीही सोबत ठेवावीत. विवाह झालेला नसेल, तर त्या निवासाचा याबाबतचा नियम आरक्षणापूर्वीच विचारून घ्यावा, म्हणजे रात्रीच्या वेळी दारात उभे राहून खुलासे देण्याचा प्रसंग ओढवत नाही. ‘मधुचंद्राची सजावट’ म्हणून पलंगावर पाकळ्या आणि खोलीभर मेणबत्त्या लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती मी नेहमी रद्द करायला सांगते. लाकडी खोलीत उघड्या ज्योती धोक्याच्या असतात, आणि ओल्या मातीचा वास खिडकीतून येत असताना अत्तरी मेणबत्त्यांची गरजही नसते.

दोघांनी आपसांत ठरवायच्या गोष्टी

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तयारीच्या याद्यांमध्ये तो बहुधा नसतो. जोडप्यातील एकाला जंगलाची हौस असते आणि दुसऱ्याला अंधाराची, पालीची किंवा किड्यांची मनापासून भीती असते, असे अनेक वेळा दिसते. ही भीती घरीच, शांतपणे, एकमेकांना सांगावी. ज्याला भीती वाटते त्याच्या सोयीने जागा निवडावी: स्नानगृह बंदिस्त असावे, मच्छरदाणी असावी, पहिला मुक्काम दोनच रात्रींचा असावा. भीती दडवून गेलेले माणूस रात्रभर जागे राहते आणि सकाळी चिडचिडते, मग धुके कितीही सुंदर असले तरी त्याच्याकडे पाहायला मन उरत नाही. आमच्या दुसऱ्या खेपेला निघण्यापूर्वी आम्ही ही बोलणी केली होती, आणि मला अंधारात एकटीने बाहेर पडायला भीती वाटते हे ह्यांना तेव्हाच प्रथम समजले. त्या दोन रात्री मी हातपाय धुवायला बाहेर पडले की हे कंदील घेऊन न सांगता उंबऱ्यावर येऊन उभे राहत. त्या मुक्कामातले मला सर्वांत स्पष्ट आठवते ते हेच.

दुसरी गोष्ट फोनची. वर अनेक ठिकाणी फोन लागत नाही. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना तसे आधी सांगून ठेवावे, निवासाच्या मालकांचा क्रमांक लिहून द्यावा आणि दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, जिथे फोन लागतो तिथे जाऊन खुशाली कळवावी. असे केले नाही, तर काळजीने फोन करत राहिलेल्या आईचा विचार मनातून जात नाही आणि एकांत नावापुरताच उरतो. फोन लागत नसल्यामुळे मोबाइलवरून पैसे देणेही अडते, म्हणून रोख रक्कम सावंतवाडीतूनच काढून न्यावी.

सोबत काय न्यावे

जीन्स घरीच ठेवावी, कारण एकदा भिजली की ती मुक्काम संपेपर्यंत वाळत नाही. लवकर वाळणाऱ्या कपड्यांचे तीन जोड, दोन टॉवेल, एक जोड कोरड्या चपला केवळ खोलीत वापरण्यासाठी आणि प्रत्येक कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत, अशी बांधाबांध करावी. दरीच्या काठावर वारा इतका असतो की छत्री उलटते. तिथे रेनकोटच कामी येतो. प्रत्येकी एक स्वतंत्र विजेरी हवी, दोघांत एक नव्हे. जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात ठेवावी. जळू लागलीच तर घाबरून ओढू नये, नखाने तिचे तोंड हळूच सोडवावे आणि जखम धुवावी. रक्त काही वेळ वाहते, परंतु त्यात धोका नसतो. नेहमीची औषधे आणि दोघांच्या खाजगी गरजेच्या वस्तू घरूनच न्याव्यात, त्या वर दुकानात मिळतील असे गृहीत धरू नये.

जाण्याचा मार्ग आणि पोहोचण्याची वेळ

मुंबईहून येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वे सोयीची आहे. कोकणकन्या एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी सावंतवाडी रोडला पोहोचवते. तुतारी एक्सप्रेस दादरहून निघते आणि तिचा शेवटचा थांबाच सावंतवाडी रोड आहे. स्थानक शहरात नसून मळगावला आहे, आणि तेथून शहरात येऊन पुढे सुमारे ३० किलोमीटरचा घाटरस्ता आहे. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते आणि पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्या सावकाश धावतात, हे ध्यानात ठेवून पुढच्या वाहनाची वेळ ठरवावी. विमानाने येणाऱ्यांना गोव्यातील मोपा किंवा बेळगाव सोयीचे पडते.

स्वतःच्या मोटारीने येताना कोल्हापूरहून आजऱ्यामार्गे येणारा रस्ता सुंदर आहे. परंतु कोणत्याही रस्त्याने आलात तरी दुपारी चारच्या आत मुक्कामी पोहोचावे. संध्याकाळनंतर गव्यांचे कळप रस्त्यावर येतात, धुक्यात त्यांचे काळे अंग दिसत नाही, आणि जवळजवळ टनभर वजनाच्या जनावराशी टक्कर झाली तर मोटारीचा चक्काचूर होतो. गवा आडवा आला तर हॉर्न वाजवू नये, दिवे मंद करावेत आणि कळप पुढे जाईपर्यंत थांबावे. शेवटच्या गव्यामागून बहुधा एखादे वासरू येत असते, म्हणून आणखी मिनिटभर थांबलेले चांगले.

पहिली संध्याकाळ

पहिल्या संध्याकाळी कोणताही कार्यक्रम ठेवू नये. चहा घ्यावा, ओले कपडे बदलावेत आणि दिवेलागणीला पडवीतला दिवा मालवून वीस मिनिटे काहीही न बोलता बसावे. डोळे अंधाराला सरावायला साधारण तेवढाच वेळ लागतो. आधी सगळा आवाज एकसारखा वाटतो, मग त्यातून एकेक सूर वेगळा होऊ लागतो: रातकिड्यांची सलग किरकिर, पाण्याच्या डबक्यावरून येणारा बेडकांचा टकटकाट, कौलांच्या वळचणीतून पडणारे थेंब. पहाटे, अजून पुरते उजाडलेले नसताना, शीळकरी कस्तूर शीळ घालू लागतो. ती शीळ इतकी माणसासारखी असते की पहिल्यांदा ऐकणारा वाटेवर कोण आले म्हणून बाहेर डोकावतो.

त्या मांगरामागे पाण्याची एक दगडी टाकी होती आणि तिच्यावर जांभळीची फांदी ओणवलेली होती. फांदीच्या टोकाला, पानांमध्ये, मुठीएवढा पांढरा फेस चिकटलेला दिसला. साबणाचा फेस कोणी तिथे झटकला असावा, असे मला वाटले. मालकांच्या आईने हात धरून मागे ओढले आणि सांगितले, ‘हात लावू नको बाय, बेडकाची अंडी आसत.’ उडत्या बेडकाची मादी आपल्या अंगातील स्राव मागच्या पायांनी घुसळून असा फेस करते आणि त्यात अंडी घालते. घरटे पाण्याच्या बरोबर वर असते, म्हणजे पिल्ले बाहेर आली की थेट पाण्यात पडतात. दुसऱ्या सकाळी पावसाने फेसाची खालची बाजू पातळ झाली होती आणि आम्ही दोघे टाकीच्या काठावर बसून त्यातून एकेक इवलासा जीव टपकन पाण्यात पडताना पाहत राहिलो. सकाळचा चहा तसाच निवला.

जंगलात पाहताना पाळायचे नियम यातूनच येतात. काहीही उचलू नये, हलवू नये, छायाचित्रासाठी फांदी वाकवू नये आणि चमकणारा प्रकाश डोळ्यांवर टाकू नये. पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांत आंबोली टोड प्रजननासाठी येतो. वाघासारख्या पट्ट्यांच्या या भेकाची स्वतंत्र जात म्हणून नोंद २००९ मध्ये झाली आणि तो अत्यंत धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला जातो. रात्री त्या डबक्यांतून चालणे म्हणजे त्याच्या अंड्यांवर पाय देणे होय.

रात्रीची फेरी स्थानिक जाणकाराशिवाय करू नये. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालावेत आणि आधारासाठी फांदी धरण्याची सवय सोडावी, कारण चापडा जातीचा साप हाताच्या उंचीवरच्या फांदीवर तासन्‌तास निश्चल बसतो आणि शेवाळलेल्या सालीत मिसळून जातो. दुर्दैवाने दंश झालाच, तर जखम कापू नये, आवळून बांधू नये, दंश झालेला अवयव स्थिर ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून किंवा मालकांच्या वाहनाने थेट सावंतवाडीचे शासकीय रुग्णालय गाठावे. फोन लागण्याची जवळची जागा कोणती, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवण्याचे एक कारण हेही आहे.

दुसरा दिवस

एका दिवसात एकच ठिकाण पाहावे. सकाळी लवकर हिरण्यकेशीला गेलात तर बहुधा तुमच्याखेरीज कोणी नसते. गुहेतून उगम पावणारी ही नदी पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. येथील कुंडात सापडलेल्या छोट्या माशाला २०२० मध्ये नदीचेच नाव देण्यात आले आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली. पाण्यात साबण, निर्माल्य किंवा खाद्य टाकू नये. कावळेसादची दरी पाहायची असेल, तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी जावे आणि कठड्याच्या आतच उभे राहावे. तिथे खालून येणारा वारा धबधब्याचे पाणी वर उडवतो आणि ते तोंडावर येते. त्या दरीत कठडा ओलांडून जीव गमावलेले लोक आहेत.

दुपारी परत यावे आणि जेवण ताजे रांधलेले मागावे. आदल्या दिवशी सांगितले तर घावणे आणि काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात, कोंबडी-वडे आणि सोलकढी असे सगळे मिळते. हॉटेलच्या पद्धतीचे पदार्थ मागून या घरांतील बायकांना अवघडवू नये. त्यांच्या हातचे रोजचे जेवणच सरस असते. जेवणानंतरची दुपार पूर्ण मोकळी ठेवावी. आमच्या आजवरच्या मुक्कामांत जी बोलणी वर्षभर राहून गेली होती, ती बहुधा याच वेळेत, पाऊस पडत असताना आणि कुठेही जायचे नसताना झाली.

निघण्याच्या दिवशी खोलीतला प्रत्येक प्लॅस्टिकचा तुकडा स्वतःच्या पिशवीत घालावा आणि खाली सावंतवाडीत आणून टाकावा, कारण वर कचरा उचलायची सोय जेमतेम असते. कोकम, आगळ किंवा कुळीथ विकत घ्यायचे असेल, तर त्याच घरून घ्यावे आणि भाव करू नये. रेल्वेच्या वेळेच्या किमान तीन तास आधी घाट उतरायला सुरुवात करावी. दरड किंवा धुके आडवे आले नाही, तर उरलेला वेळ सावंतवाडीत चितारआळीत लाकडी खेळणी पाहण्यात आणि मोती तलावाच्या काठी बसण्यात सहज जातो.